गड चढताना दम लागतो का?

नागपूरचा पहिला वास संत्र्यांचा नव्हता, ओल्या गवताचा होता. पौषातली सकाळ होती. फलाटावर धुके साचले होते आणि त्यात हमाल दिसत नव्हते, त्यांच्या डोक्यांवरच्या टोपल्या तेवढ्या दिसत होत्या. टोपल्या एकामागून एक तरंगत मालगाडीकडे चालल्या होत्या. संत्र्यांवर गवत अंथरलेले होते आणि गवतावर दव होते. माणसांचा आवाजही दुरून, कापसातून आल्यासारखा येत होता.

मी पुण्याच्या एका दैनिकात काम करतो. रविवारच्या पुरवणीसाठी विदर्भावर काही लिहावे असे ठरले आणि हिवाळ्याचे दिवस बघून निघालो. उतरायला घर होते. माझ्या पत्नीची मावशी, डॉ. कुमुद चांदोरकर, धरमपेठेत राहते. पन्नाशी ओलांडलेली, उंच, आखूड केसांची, चालताना दोन्ही हात पाठीमागे बांधणारी बाई. जन्म नागपूरचा, शिक्षण नागपूरचे, नोकरी इथल्याच एका वैद्यकीय संशोधन संस्थेत. घरातले सगळे तिला मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ती मला जावईबापू म्हणते, आणि त्यात मानापेक्षा थट्टा जास्त असते.

धरमपेठेतल्या घरासमोर कडुनिंब होता. धुक्यात त्याचा फक्त बुंधा दिसत होता आणि वरून, कुठून तरी, पोपट बोलत होते. दुपारी जेवायला गोळाभात होता (भातावर वाफवलेले हरभऱ्याच्या भरड डाळीचे गोळे, कुस्करून वर हिंग-मोहरीचे कडकडीत तेल). स्वयंपाकाच्या बाईंनी विचारले, "सांभार टाकू का वरून?" मी हो म्हणालो आणि आंबट-तिखट डाळीची वाट बघत बसलो. बाईंनी चिमूटभर कोथिंबीर भुरभुरवली आणि त्या आत गेल्या. इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात.

"बघा," मावशी म्हणाली, "एकाच राज्यात, एकाच भाषेत तुम्ही उपाशी राहिले असते. आणि मला विलायतेचे प्रश्न खाप्याला विचारायचे आहेत."

हे प्रश्न काय आहेत ते तिने जेवता जेवता सांगितले. खापा हे सावनेर तालुक्यातले, कन्हान नदीकाठचे विणकरांचे गाव. घरोघर हातमाग आहेत. सुताची बारीक लव दिवसभर हवेत असते, आणि चुलीचा धूर वेगळा. अशा गावांत किती जणांची छाती बिघडलेली आहे ते पाहायचे होते. प्रत्येकाला दवाखान्यात नेता येत नाही, म्हणून आधी प्रश्न विचारायचे. उत्तरांवरून संशय आला की तपासणी. प्रश्नावली विलायतेत तयार झालेली होती. ती पुण्यातल्या एकाने मराठीत आणली. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या दुसऱ्याने ती पुन्हा इंग्रजीत नेली. दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून पाहिली, ती जवळजवळ सारखी होती, आणि सगळ्यांना समाधान वाटले. मग मावशी ती घेऊन खाप्याला गेली.

"एक प्रश्न असा की, सपाट रस्त्यावर बरोबरीच्या माणसासोबत चालताना मागे पडता का. एका बाईला विचारलं. ती म्हणाली, मागंच चालते जी, लग्न झालं तवापासून."

"मग?"

"मग काय. नवरा पुढे, बायको मागे. त्यात छातीचा काय संबंध? तो प्रश्न मी बदलला. दुसरा होता, लहानशी टेकडी चढताना दम लागतो का. खाप्यात टेकडी नाही. सगळं सपाट. टेकडी म्हटलं की लोक माझ्या तोंडाकडे बघत."

टेकडीची अडचण तिने स्वतः सोडवली होती, आणि त्याचा तिला अभिमान होता. खाप्याच्या माणसाने टेकडी पाहिली नसेल, पण रामटेकचा गड पाहिलेला असतोच. लग्न झाले की जोडीने, मूल झाले की मूल घेऊन, नवस फिटला की नारळ घेऊन माणसे गड चढतात. प्रश्न असा झाला: 'गड चढताना दम लागतो का?' संस्थेच्या दिल्लीच्या कार्यालयाने कौतुक केले. स्थानिक माणसाशिवाय हे कुणाला सुचले नसते, असे त्यांचे म्हणणे पडले.

"आता खाप्यात सगळे 'नाही' म्हणतात," मावशी म्हणाली. तिने ताटातला शेवटचा गोळा फोडला, पण खाल्ला नाही. "म्हातारे नाही म्हणतात. खोकणारे नाही म्हणतात. कागदावर खापा म्हणजे थंड हवेचं ठिकाण झालं आहे."

अडचण कागदापुरती नव्हती. छातीचा क्ष-किरण फोटो काढणारी मोटारगाडी सबंध विभागात एकच होती. आठवडाअखेर दिल्लीहून साहेब येणार होते आणि गाडी कुठल्या गावी न्यायची ते ठरणार होते. खाप्यात 'हो' म्हणणारी माणसेच नसतील तर गाडी दुसऱ्या तालुक्यात जाणार. तिकडे गेलेली गाडी पुन्हा खाप्याकडे वळेल असे मावशीला वाटत नव्हते.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या जीपमधून खाप्याला निघालो. चालवणारे गणपतराव गाडीच्या काचेतून कमी आणि बाजूने डोके बाहेर काढूनच जास्त बघत, कारण काचेवर धुके बसत होते. सावनेरच्या रस्त्याला दोन्ही अंगांना संत्र्यांचे बगीचे आहेत. झाडे दिसत नव्हती, फळे दिसत होती. पांढऱ्या धुक्यात नारिंगी ठिपके अधांतरी लटकलेले, आणि रस्ता त्यांच्यामधून सरकत होता. मधेच कापसाने भरलेली बंडी (बैलगाडी) समोर उगवे. बैल आधी दिसत, मग मागे धुक्याचाच एक तुकडा बांधून आणल्यासारखा कापूस, आणि त्यावर झोपलेला माणूस.

खापा आधी ऐकू आला. गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली तेव्हा चहूबाजूंनी मागांचा आवाज येत होता. एका घरातला ठोका संपेपर्यंत दुसऱ्या घरातला सुरू होई. थोडा वेळ उभे राहिले की तो आवाज बाहेरून येतो की आपल्याच अंगातून ते कळेनासे होते. उंबऱ्यांवर बायका रहाटावर कांड्या भरत होत्या (कांडी म्हणजे मागावरच्या धोट्यात घालायची सुताची लहान गुंडाळी). घराच्या आढ्याला जळमटे होती आणि ती सुताची लव बसून जाड, पांढरी झाली होती. माणसांच्या पापण्यांवरही लव होती. सगळी गल्ली अर्धवट जागी असल्यासारखी दिसत होती.

मावशी एका घरासमोर थांबली. पार्वताबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. वय चाळिशीच्या पुढचे, अंग सडपातळ, कपाळावर मोठे कुंकू. आत त्यांचे यजमान सदाशिवराव माग चालवत होते. त्यांनी मान हलवून नमस्कार केला, हात थांबवले नाहीत.

पार्वताबाईंचा श्वास गल्लीतून ऐकू येत होता. आत जाताना बारीक शीळ, बाहेर येताना खरखर. मला वैद्यकातले काही कळत नाही, पण ते कळायला वैद्यक लागत नव्हते.

मावशीचा नियम कडक आहे. प्रश्न लिहिलाय तसा वाचायचा. समजला नाही तर पुन्हा तसाच वाचायचा. आपला शब्द घालायचा नाही, मान हलवायची नाही, उत्तर सुचवायचे नाही. तिने चष्मा लावला आणि वाचले, "गड चढताना दम लागतो का?"

"नाही जी."

मावशीने पुन्हा वाचले.

"नाही म्हनलं ना बाई." पार्वताबाईंनी रहाट फिरवला. "मले काई नाही झालं."

मावशीने उत्तर लिहिले, चष्मा काढला आणि नियमाबाहेरचे बोलली. "पार्वता, तुझा श्वास मला इथपर्यंत ऐकू येऊन राहिला."

"तो मागाचा होय जी. तुमाले तसं वाटते."

"नागपूरला चल माझ्यासोबत. तपासून देते."

"येईन ना सणावाराले." आणि लगेच त्या माझ्याकडे वळल्या. "हे पाहुणे कोठचे?"

पुण्याचे, असे मावशीने सांगितले. पार्वताबाईंनी मला चहा दिला. तो देण्यासाठी त्या चुलीपर्यंत गेल्या आणि आल्या. येताना मधे थांबून त्यांनी भिंतीवरची तसबीर सरळ केली. तसबीर वाकडी नव्हती.

गल्लीत दुपारपर्यंत तेच चालले. एका म्हाताऱ्याला उत्तर देण्याआधी खोकला आला. खोकला सरेपर्यंत आम्ही उभे राहिलो, आणि मग तो म्हणाला, "नाही बाप्पा. गडाचा काय त्रास?" शेजारच्या तरण्या सुनेनेही तेच उत्तर दिले, त्याच शब्दांत. दोघांची उत्तरे कागदावर एकाखाली एक बसली.

निघताना पार्वताबाईंनी जीपजवळ येऊन विचारले की गाडी कधी रामटेककडे जाणार असते का. लेक बाळंतपणाला आली होती, अडली होती, सुटली. नवस फेडायचा होता. यजमानांना हातातले लुगडे पुरे केल्याशिवाय हलता येत नव्हते.

मावशीने गणपतरावांकडे पाहिले. "उद्या जाऊ," ती म्हणाली. मला म्हणाली, "तुम्हालाही दाखवायचाच होता." पण तिच्या तोंडावरून कळत होते की ती दुसऱ्याच गोष्टीचा विचार करते आहे. पार्वताबाईंना गड चढताना तिला डोळ्यांनी बघायचे होते.

दुसऱ्या दिवशी पार्वताबाईंना घेऊन पारशिवनीच्या वाटेने रामटेकला गेलो. धानाची कापणी होऊन गेलेली होती. बांध्यांतून (धानाची बांध घातलेली लहान शेते) कापलेल्या खुंटांच्या रांगा राहिल्या होत्या आणि त्यांच्यावरून धुके अंगणात वाळत घातलेल्या धोतरासारखे हळूहळू उचलले जात होते. गड एकदम दिसला नाही. आधी आभाळात एक पांढरे शिखर दिसले, खाली काहीच नव्हते. गणपतरावांनी स्टिअरिंगवरचा एक हात उचलून कपाळाला लावला.

अंबाळा तलावाच्या बाजूने पायऱ्या वर जातात. तलावाकाठची लहान लहान देवळे पाण्यात उलटी उभी होती आणि वरची देवळे धुक्यात असल्यामुळे पाण्यातली जास्त खरी वाटत होती. पार्वताबाईंनी पाय धुतले, नारळ पदरात बांधला आणि पहिल्या पायरीला हात लावून कपाळाला लावला. मावशीनेही तसेच केले. ते तिने न ठरवता केले, जसे आपण घरात शिरताना चपला काढतो.

चढ सोपा नाही. पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत. पार्वताबाई थोड्या चढल्या आणि त्यांची पदराची गाठ सैल झाली. त्या बसल्या, गाठ सोडली, बांधली. पुढच्या वळणावर एका शेंदूर लावलेल्या दगडाला त्यांनी हळदकुंकू वाहिले आणि डोळे मिटून बराच वेळ बसून राहिल्या. त्यानंतर वानरांना चणे घातले. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरे पायऱ्यांवर म्हाताऱ्यांसारखी बसली होती आणि एकेक दाणा उचलून बघून खात होती. पार्वताबाईंचे ओठ निळसर झाले होते. एका ठिकाणी त्यांनी मला थांबवले.

"तलाव पाहून घ्या साहेब. वरून असा नाही दिसत."

आम्ही तलाव पाहिला. वरून तो अधिक चांगला दिसतो, हे नंतर कळले.

मावशी हात पाठीमागे बांधून चढत होती. काही वेळाने तिने हात सोडले, मग एक हात भिंतीला लावला. इतर यात्रेकरू फारसे बोलत नव्हते. धुक्यात पावले वाजत, एखादे मूल रडे, आणि वर कुठे तरी घंटा होई. घंटेचा आवाज जवळ येत नव्हता, दूरही जात नव्हता. आपण चढतो आहोत की पायऱ्या खाली सरकत आहेत असे वाटण्याइतका तो चढ एकसारखा होता.

दरवाज्याशी पोचलो तेव्हा मी कठड्यावर बसलो आणि बसता बसता म्हणालो, "बाप रे. दम लागला."

शेजारून जाणाऱ्या दोन बायका थांबल्या. नारळवाल्याने मान वर केली. पार्वताबाई माझ्याकडे बघण्याऐवजी देवळाच्या शिखराकडे बघत होत्या. त्यांनी हात जोडले आणि खरखरत्या आवाजात, थांबत थांबत, म्हणाल्या, "रामा, पाहुना हाय तो. पुण्याचा हाय. त्याले ठाव नाही. ध्यानात नको ठेवू."

मग त्या मावशीकडे वळल्या. काळजीने नाही, चारचौघांत आपल्या माणसाची बाजू सावरून घ्यावी तशा. "बाई, तुमाले लागला का दम?"

"नाही वं," मावशी म्हणाली.

तिचा हात भिंतीवर होता. मानेची शीर उडत होती. कपाळावरचा घाम चष्म्यावर आला होता. 'नाही वं' म्हणायला तिला मधे एकदा श्वास घ्यावा लागला होता.

पार्वताबाई समाधानाने आत गेल्या. इथे लक्ष्मणाचे दर्शन आधी, मग रामाचे. मावशी तिथेच, माझ्या शेजारी, कठड्यावर बसली. तिने चष्मा काढून पदराने पुसला. तो पुसायला पुष्कळ वेळ लागला.

"जावईबापू, मी आत्ता काय म्हणाले?"

"नाही म्हणालात."

"कशाला नाही म्हणाले?"

मी तिचाच प्रश्न तिला म्हणून दाखवला, लिहिलाय तसा, आपला शब्द न घालता.

ती हसू लागली. आवाज न करता, खांदे हलवून. एक वानर तिच्याकडे बघत होते. "मी लहान होते," ती म्हणाली, "सात-आठ वर्षांची असेन. ह्याच पायऱ्यांवर आईला म्हणाले, पाय दुखून राहिले. आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. नंतर कधी म्हणाले नाही. इतक्यांदा आले, कधीच म्हणाले नाही. आणि टेबलाशी बसून हा प्रश्न मीच लिहिला."

दर्शन घेऊन पार्वताबाई आल्या. नातवासाठी अंगारा पुडीत बांधला होता. मावशीने त्यांना जवळ बसवून सरळ विचारले की गड चढताना त्रास झाला असे म्हणायला काय हरकत आहे.

पार्वताबाईंना प्रश्नच विचित्र वाटला. "लेकीच्या घरी जातो आपन. दारात तिनं इचारलं, माय, वाटनं त्रास झाला काय, तं काय हो म्हनतो? तिले काय वाटन? तिनं मंग बोलवाचंच नाही काय?" त्यांनी देवळाकडे हात केला. "ह्याले बी तसंच."

उतरताना धुके विरले होते. खाली धानाची रिकामी शेते, तलावांचे तुकडे, लांबवर पळसांचा जंगलपट्टा. सगळे उन्हात असूनही कुणी तरी काचेखाली ठेवल्यासारखे निश्चल होते. गणपतरावांनी भजी आणली होती, ती जीपमध्ये खाल्ली. मावशी प्रश्नावली उघडून बसली होती. गड काढून टाकावा लागणार हे उघड होते, पण त्याच्या जागी काय घालायचे? साहेब दोन दिवसांवर आले होते. खाप्यात दुसरा चढ नव्हता.

पार्वताबाईंचे मात्र नवस फिटल्याने चित्त मोकळे झाले होते. त्या मागे बसून स्वतःशीच आणि थोडे आम्हालाही ऐकवत होत्या. घरी गेल्याबरोबर धुणे आहे. बाळंतिणीचे, तान्ह्याचे, दोन दिवसांचे साचलेले. थंडीत हात गारठतात. आणि ते ओले टोपले घेऊन कन्हानवरून वर यायचे.

"त्या दरडीनं तं जीव घेतला माहा," त्या म्हणाल्या. "टोपलं एकदा ठेवा, दोनदा ठेवा, छातीचा भाता होते नुसता. वर येऊन घटकाभर बोलाले येत नाही. काहून एवढी उंच ठेवली कोन जाने."

मावशीने मान वळवली. "काय म्हणालीस?"

"नदीले नाही म्हनून राहिली मी," पार्वताबाई घाईने म्हणाल्या. "नदी माय आहे. दरडीले म्हनून राहिली. दरडीले सारेच शिव्या देतात."

"गणपतराव," मावशी म्हणाली, "गाडी बाजूला घ्या."

रस्त्याच्या कडेला, संत्र्याच्या बगीच्याच्या कुंपणाशी, तिने मांडीवर पाटी ठेवून प्रश्न लिहिला. खोडला, लिहिला. मला वाचून दाखवला. मी वर्तमानपत्रातला असल्यामुळे एक शब्द कमी करायला सांगितला. तिने तो कमी केला नाही. 'नदीवरून ओलं धुणं घेऊन दरड चढताना टोपलं मधे खाली ठेवावं लागतं का?' पुरुषांसाठी टोपल्याऐवजी लुगड्यांचे गाठोडे आणि बाजाराचा रस्ता घातला. गणपतराव म्हणाले, "हे बरोबर झालं बाई. गाठोड्याले कोनीबी शिव्या देते."

साहेब आले त्या दिवशी धुके नव्हते. दक्षिणेकडचे, सावळे, अबोल गृहस्थ होते. हिंदी जुजबी, मराठी नाही. गल्लीत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती, ती त्यांनी घेतली नाही. ते मावशीच्या शेजारी उभे राहिले.

मावशीने चष्मा लावून नवा प्रश्न पार्वताबाईंना वाचून दाखवला.

"ठेवा लागते का म्हनता?" पार्वताबाईंनी रहाट थांबवला. उत्तर देण्यासाठी त्यांनी रहाट थांबवलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मग दरड, टोपले, छाती, थंडी, अंथरुणात उठून बसून काढलेल्या रात्री, शीळ वाजते म्हणून नातू कसा रडतो, सगळे आले. बोलताना मधे मधे त्यांना थांबावे लागत होते.

शेजारच्या उंबऱ्यातून शेजारणीचा आवाज आला. "टोपलं तं ठेवते, उचलून कोन देते ते सांग ना वं. रोज मीच देतो."

"तू तं स्वतःच बसतं त्या निंबाखाली. मले उचलून देते म्हने."

साहेबांनी मावशीला इंग्रजीत विचारले, की बाई काय म्हणाल्या.

"हो म्हणाल्या," मावशी म्हणाली.

"इतका वेळ?"

"खाप्यात 'हो' एवढंच लांब असतं."

साहेबांच्या चेहऱ्यावर फरक पडला नाही. सगळ्यांनीच 'हो' म्हटले तर तेही उपयोगाचे नव्हते, हे मला मावशीने वाटेत सांगितले होते. त्यांनी पुढच्या घराकडे बोट केले. त्या घरच्या तरण्या सुनेने प्रश्न ऐकला आणि तोंडाला पदर लावून हसली. "नाही जी. मी तं पळत येतो." म्हातारा विणकर म्हणाला की गाठोडे तो केव्हाच उचलत नाही, मुलगा उचलतो, आणि का ते सांगताना खोकू लागला. साहेब गल्लीच्या टोकापर्यंत आमच्याबरोबर चालत आले. काही 'हो' आले, काही 'नाही' आले. ज्यांचे ओठ निळे होते त्यांचे 'हो' आले. टोकाला पोचल्यावर साहेबांनी मागांचा आवाज थोडा वेळ ऐकला आणि म्हणाले, गाडी इथे आणू.

मावशीने ते मराठीत सांगितले. छातीचा फोटो काढतील, दुखत नाही, पैसे पडत नाहीत.

पार्वताबाईंनी विचारले, "फोटोले लुगडं कोनतं नेसू?"

"त्या फोटोत लुगडं दिसत नाही."

"मंग मानूस वळखू कसा येते?" त्यांना ते पटले नाही. पण गाडी आली की सगळ्यांत आधी आपण जाणार, असे त्यांनी शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने सांगितले.

नागपूर सोडताना पुन्हा धुके होते. स्टेशनवर मावशी हात पाठीमागे बांधून उभी होती. तिने संत्र्यांची टोपली डब्यात चढवून दिली आणि म्हणाली, "रामटेकचा प्रश्न मी फाडून टाकला नाही. ठेवला आहे. गड चढणाऱ्या किती लोकांना दम लागत नाही ते कुणाला तरी कधी विचारायचं असेल." गाडी हलली. ती काही पावले बरोबर चालली आणि मग धुक्यात तिचा पांढरा पदर आधी गेला.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली नाही. दाराशी, ट्रंकेवर, टोपली गुडघ्यांत धरून बसलो. बाहेर शेते धुक्यात येत आणि जात होती. भाषेच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत. शब्द बरोबर असला, वाक्य बरोबर असले की उत्तर बरोबर येते, असे आम्ही धरून चालतो. खाप्यातल्या प्रश्नात एकही शब्द चुकीचा नव्हता. तो प्रश्न सगळ्यांना कळला होता, आणि कळला म्हणूनच सगळ्यांनी 'नाही' म्हटले. पार्वताबाई खोटे बोलल्या नव्हत्या. मावशीही नाही. त्या दोघी कुणाशी तरी नीट वागल्या होत्या.

पुण्यात आमचे बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना अरुंद आणि उभा आहे. मधल्या वळणावर मी टोपली खाली ठेवली आणि तिच्या दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधली. गाठ घट्टच होती. टोपलीतले गवत अजून ओले होते आणि त्याचा वास जिन्यात पसरला.

दार उघडल्यावर पत्नीने माझ्या हातातून टोपली घेतली. आतून आईने विचारले, "आलास का? प्रवासात त्रास नाही ना झाला?"

मी दाराची चौकट धरून उभा होतो. "नाही," म्हणालो.